‘स्मॉलटाऊन बॉय’ (१९८४) : एका गीताची घडण व त्याचे स्वागत

१

लोकप्रिय गीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आरंभीच एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. गीत म्हणजे नेमके काय? कागदावर उतरवले तर दोन-तीन कडवी व एक ध्रुवपद एवढीच त्याची संहिता भरते. परंतु श्रोत्यापर्यंत केवळ संहिता पोहोचत नाही. गायकाचा कंठ, वाद्यांचा नाद, ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन, सोबतची चित्रफीत, गायकांविषयी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेली माहिती, हे सारे त्या संहितेबरोबरच येते आणि अर्थनिश्चितीत आपापला वाटा उचलते. ब्रिटनमधील ‘ब्रॉन्स्की बीट’ या त्रयीने १९८४ साली प्रसिद्ध केलेले ‘स्मॉलटाऊन बॉय’ हे गीत या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. घर सोडून जाणाऱ्या एका समलिंगी मुलाची ही कहाणी आहे, हे आज सर्वमान्य आहे. तथापि ‘समलिंगी’ या अर्थाचा एकही शब्द त्या गीतात नाही. ज्या शब्दाभोवती साऱ्या गीताचा अर्थ फिरतो तोच शब्द गीतात नसावा, आणि तरीही त्या अर्थाविषयी फारसा वाद होऊ नये, हे कसे घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

२

प्रथम गीताच्या घडणीचा विचार करू. जिमी सॉमरव्हिल व स्टीव्ह ब्रॉन्स्की हे दोघे स्कॉटलंडमधील ग्लासगोचे, तर लॅरी स्टाइनबाखेक हा इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील साउथएंडचा. तिघेही १९६० च्या आगेमागे जन्मलेले. दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन या भागात ते एकत्र राहत असत, आणि १९८३ साली त्यांनी आपला संच उभा केला. गायन सॉमरव्हिलकडे, सिंथेसायझर व तालयंत्रे अन्य दोघांकडे, अशी कामाची वाटणी होती. गीताचे कर्तृत्व मात्र तिघांच्याही नावे नोंदलेले आहे.

तिघांच्या संचाला वादकांचा मोठा ताफा जवळ न बाळगता हे काम करता आले, याचे कारण त्या काळातील यंत्रांत सापडते. सिंथेसायझर हे वाद्य १९७० नंतरच्या दशकात हळूहळू सामान्य तरुणाच्या आवाक्यात आले. १९७९ मध्ये गॅरी न्यूमन याची आणि १९८१ मध्ये ‘ह्यूमन लीग’ व ‘सॉफ्ट सेल’ या संचांची सिंथेसायझरप्रधान गीते ब्रिटनच्या विक्रीयादीत अग्रस्थानी पोहोचली, आणि ‘सिंथपॉप’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार स्थिरावला. ‘सॉफ्ट सेल’चे ‘टेन्टेड लव्ह’ हे गीत ध्वनिमुद्रित करून घेणारा माइक थॉर्न हाच ‘स्मॉलटाऊन बॉय’चाही निर्माता होता. तेव्हा या गीतामागे एक तयार परंपरा होती. यंत्राचा न थकणारा एकसारखा ठेका आणि त्याच्यावर एकट्या माणसाचा कंठ, हा त्या परंपरेचा मूळ आकृतिबंध होय.

‘ब्रॉन्स्की बीट’ने या आकृतिबंधात एक महत्त्वाचा बदल केला. सिंथपॉपमधील अनेक गायक यंत्राला साजेशा थंड, निर्विकार स्वरात गात. सॉमरव्हिलचा स्वर नेमका त्याच्या उलट आहे. ‘फॉल्सेटो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तार स्वरात तो गातो. हा स्वर पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीहून कितीतरी वरचा असून ऐकणाऱ्यास स्त्रीच्या कंठाची आठवण करून देतो. अमेरिकेतील नृत्यसंगीतात या गायनाची परंपरा होती, व १९७८ च्या सुमारास गाजलेला सिल्व्हेस्टर हा तिचा ठळक प्रतिनिधी होता. गीतात शब्द सुरू होण्यापूर्वीच हा स्वर एका निःशब्द आलापासारखा ऐकू येतो. अर्थात जी ओळख शब्दांनी सांगितलेली नाही, तिची चाहूल शब्दांच्या आधीच कंठाने दिलेली असते. खाली नाचावयास लावणारी द्रुत लय व वर शोकाचा सूर, असा हा योग आहे. घराबाहेर काढल्या गेलेल्या मुलाचे गाऱ्हाणे नृत्यगृहात, इतरांच्या सोबतीने ऐकावयाचे आहे, हेही त्या लयीतच सूचित झालेले आहे.

३

आता संहितेकडे वळू. गीतातील मुलाला नाव नाही. त्याला संबोधले जाते ते इंग्रजीतील द्वितीयपुरुषी सर्वनामाने, आणि या सर्वनामाला लिंग नाही, वचन नाही, आदर-अनादराचा भेदही नाही. मराठीत हा मजकूर आणावयाचा झाल्यास अनुवादकाला प्रथम ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावे लागेल, आणि ‘तू’ ठरल्यावरही ‘निघतोस’ की ‘निघतेस’ असा दुसरा निर्णय पहिल्याच वाक्यात करावा लागेल. इंग्रजी वाक्याला अशी सक्ती नाही. परिणामी, ऐकणारी व्यक्ती मुलगा असो वा मुलगी, गीतातील ‘तू’ आपल्यालाच उद्देशून आहे असे काही काळ तरी तिला वाटू शकते. ‘मुलगा’ या अर्थाचा शब्द पुढे येतो तेव्हाच ही मोकळीक आवळली जाते.

दुसरी गोष्ट प्रयोगाची. मुलाला ढकलले जाते, मारले जाते, त्याच्याविषयी गावभर बोलले जाते. परंतु हे करणारे कोण, हे सांगितलेले नाही. कर्मणी रचनेतून कर्ता गळून पडतो, आणि जेथे तो येतो तेथे केवळ ‘ते’ एवढ्याच रूपाने येतो. ज्या मोजक्या क्रियांचा कर्ता मुलगा स्वतः आहे त्यांत निघून जाणे ही प्रमुख. गीताच्या व्याकरणातच असे नोंदले गेले आहे की, या मुलाच्या बाबतीत बहुतेक सर्व गोष्टी इतरांनी केल्या, आणि त्याने स्वतः केलेली एकच मोठी गोष्ट म्हणजे प्रस्थान.

तिसरी गोष्ट ध्रुवपदातील आज्ञार्थाची. दूर जाण्याच्या अर्थाची दोन क्रियापदे तेथे पुन्हा पुन्हा येतात. ती कोणाच्या तोंडची आहेत? पाठलाग करणाऱ्या टोळीची, हितचिंतकाची, की मुलाच्या स्वतःच्या मनाची? मराठीत ‘चालता हो’ म्हणणारा आणि ‘निघून जा’ म्हणणारा हे बहुधा दोन वेगळे वक्ते असतात. पहिल्यात केवळ हाकलणे आहे. दुसऱ्यात रागही असू शकतो व काळजीही. गीतातील आज्ञार्थ या दुसऱ्या जातीचा आहे. हद्दपारीचा हुकूम आणि सुटकेचा सल्ला हे दोन्ही एकाच क्रियापदात मावतात, आणि त्या वयातील अशा मुलाच्या दृष्टीने या दोहोंत प्रत्यक्ष फरक किती उरतो, हा प्रश्न गीत अनुत्तरित ठेवते.

आई या गीतात आहे. मात्र मुलगा का गेला हे तिला कधीच समजणार नाही, एवढ्याच उल्लेखापुरती. वडिलांचा संहितेत उल्लेखही नाही. घरात ज्याचे उत्तर मिळणार नाही असा काही प्रश्न मुलापाशी आहे, हे आपल्याला कळते. तो प्रश्न कोणता, हे सांगितले जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छळणाऱ्यांपुढे हा मुलगा आपले अश्रूही उघड करीत नाही. ते तो स्वतःपाशीच ठेवतो. म्हणजे मौन हा केवळ गीतकारांचा पवित्रा नाही, तो गीतातील पात्राचाही स्वभाव आहे. जे सांगितल्याने मार बसतो ते न सांगणे, ही त्याने शिकलेली पहिली भाषा आहे.

४

या मौनाचा अर्थ कसा लावावयाचा? ब्रिटिश लोकप्रिय संगीतात समलिंगी गायकांचे मौन नवे नव्हते. प्रेमपात्राचे लिंग कळू नये अशा रीतीने सर्वनामे योजावयाची, ही जुनी युक्ती होती. ते भीतीतून आलेले मौन होते, व त्याला आधार होता. १८८५ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाने पुरुषापुरुषांतील संबंध व्यापक प्रमाणावर दंडनीय ठरविले, आणि ऑस्कर वाइल्ड यास १८९५ मध्ये शिक्षा झाली ती याच तरतुदीखाली. १९५७ च्या वुल्फेंडेन समितीच्या अहवालानंतर दहा वर्षांनी, म्हणजे १९६७ साली, इंग्लंड व वेल्समध्ये एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या दोन पुरुषांच्या खासगी व संमतीच्या संबंधांपुरती ही बंदी उठली. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी १९८० चा अधिनियम व्हावा लागला, आणि उत्तर आयर्लंडमध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १९८१ च्या निर्णयानंतर, १९८२ साली, तो बदल झाला. सॉमरव्हिलचा जन्म १९६१ चा. त्याचे सारे शालेय वय ग्लासगोत गेले ते संबंधित वर्तन कोणत्याही वयाच्या पुरुषाला गुन्हा ठरविणाऱ्या कायद्याखाली. इतर संबंधांसाठी संमतीचे वय सोळा असताना समलिंगी पुरुषांसाठी ते एकवीस होते. म्हणून गीतातील किशोर हा आईवडिलांच्या नजरेत जसा अपराधी होता तसाच कायद्याच्या नजरेतही संभाव्य अपराधी होता.

परंतु ‘ब्रॉन्स्की बीट’चे मौन भीतीतून आलेले नव्हते, आणि हाच या गीताच्या इतिहासातील कळीचा मुद्दा होय. तिघेही आपण समलिंगी असल्याचे प्रथमपासून उघडपणे सांगत. ध्वनिमुद्रिकेच्या प्रसिद्धीआधी, १९८३ साली, लंडनमधील समलिंगी तरुणतरुणींनी स्वतः तयार केलेल्या ‘फ्रेम्ड यूथ’ या माहितीपटात सॉमरव्हिलचा सहभाग होता. १९८४ च्या शरद ऋतूत निघालेल्या त्यांच्या पहिल्या गीतसंग्रहावर गुलाबी त्रिकोण होता. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर लावले जाणारे हे चिन्ह पुढे त्यांच्याच चळवळीने अभिमानाने स्वीकारले होते. संग्रहाचे नाव ‘द एज ऑफ कन्सेंट’, आणि आतल्या वेष्टनावर निरनिराळ्या देशांतील संमतीच्या वयाचे आकडे छापलेले होते.

मराठी वाचकाला हे नाव वाचून ‘संमतिवयाचा कायदा’ हे शब्द आठवल्यावाचून राहणार नाहीत, आणि ही आठवण केवळ शब्दसाम्याची नाही. मुलींचे संमतिवय तेरावरून सोळावर नेणारा इंग्लंडचा अधिनियम तो हाच १८८५ चा, ज्यात पुरुषांसंबंधीची उपरोक्त तरतूद घुसविली गेली. भारतात मलबारींच्या प्रयत्नांनंतर व टिळकांच्या विरोधानंतरही १८९१ मध्ये ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आणली गेली. पुरुषांच्या संबंधांना लागू होणारे भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम मात्र १८६० पासूनचे असून, प्रौढांच्या खासगी व संमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ ठरविले. देहावर कोणाचा अधिकार केव्हा सुरू होतो हे राज्यसंस्थेने आकड्यांत सांगावयाचे, ही एकाच काळाची व एकाच सत्तेची रीत होती. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ते आकडे शेजारी शेजारी छापले की त्यांतील विसंगती भाष्याविना दिसू लागते.

चित्रफितीनेही संहितेतील रिकाम्या जागा भरल्या. बर्नार्ड रोझ याने दिग्दर्शित केलेल्या या चित्रफितीत आगगाडीत बसलेला मुलगा मागचे आठवतो. पोहण्याच्या तलावावर एका तरुणाविषयी वाटलेले आकर्षण, त्यानंतर टोळीने केलेली मारहाण, पोलिसाने घरी आणून पोहोचविणे, आणि त्या भेटीतून आईवडिलांना सारे कळणे, असा तो क्रम आहे. संहितेत नसलेले वडील येथे आहेत. ते मुलाच्या हाती पैसे देतात, परंतु निरोपाचे हस्तांदोलन नाकारतात. अखेरीस प्रवासात त्याला मित्र भेटतात. गीताने न उच्चारलेला शब्द चित्रफितीतही उच्चारला जात नाही. पण आता तो ओळखण्यास श्रम पडत नाहीत.

५

गीताच्या स्वागताचे मोजमाप दोन प्रकारे करता येईल. पहिले विक्रीचे. १९८४ च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या विक्रीयादीत ते तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले, नेदरलंड्समध्ये पहिल्या. अमेरिकेत सर्वसाधारण यादीत त्याला अठ्ठेचाळिसाव्या स्थानापुढे जाता आले नाही, परंतु नृत्यगृहांच्या यादीत त्याने पहिले स्थान मिळविले. अमेरिकेतील या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. नृत्यगृहाने गीत स्वीकारले. मोठ्या बाजारपेठेने त्याच प्रमाणात नाही.

या स्वागताचे मोल कळण्यासाठी दोन गीतांशी तुलना उपयोगी पडेल. टॉम रॉबिन्सन याने १९७८ मध्ये ‘ग्लॅड टु बी गे’ हे गीत प्रसिद्ध केले. त्यात तो शब्द शीर्षकातच आहे. ज्या ध्वनिमुद्रिकेत हे गीत होते ती अठराव्या क्रमांकापर्यंत गेली, पण बीबीसीच्या रेडिओ वनने यादीच्या कार्यक्रमात तिच्यातील दुसरे गीत वाजविणे पसंत केले. १९८४ च्या जानेवारीत ‘फ्रँकी गोज टु हॉलिवुड’ या संचाच्या ‘रिलॅक्स’ या गीतावर त्यातील कामुक सूचनांमुळे बीबीसीने बंदी घातली, आणि बंदीनंतर ते पाच आठवडे अग्रस्थानी राहिले. पहिल्याने नाव घेतले. दुसऱ्याने देह पुढे केला. ‘स्मॉलटाऊन बॉय’ने यांपैकी काहीच केले नाही. त्याने एक मुलगा, एक घर आणि एक आगगाडी पुढे ठेवली, आणि ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमात त्याला प्रवेश मिळाला. शिवाय भडक वेष व रंगभूषा यांनी गाजलेल्या समकालीन गायकांच्या तुलनेत ही त्रयी अगदी साध्या पोशाखात, आखूड केसांत वावरत असे. शेजारच्या घरातील मुलासारखे दिसणे हे येथे अर्थवाहक होते. असा मुलगा कोणत्याही घरात असू शकतो, हे त्यातून सुचत होते.

दुसरे मोजमाप गीताच्या पुढील आयुष्याचे. ब्रिटनमध्ये १९८४-८५ साली खाणकामगारांचा दीर्घ संप चालू होता. लंडनमधील समलिंगी कार्यकर्त्यांच्या एका गटाने दक्षिण वेल्समधील डलेस खोऱ्यातील खाणकामगारांसाठी निधी जमविण्यास आरंभ केला. १० डिसेंबर १९८४ रोजी कॅम्डन येथील ‘इलेक्ट्रिक बॉलरूम’मध्ये ‘पिट्स अँड पर्व्हर्ट्स’ या नावाने निधिसंकलनाचा कार्यक्रम झाला, त्यातील मुख्य संच ‘ब्रॉन्स्की बीट’ हाच होता. ‘विकृत’ अशा अर्थाची शिवी आपल्या हाताने कार्यक्रमाच्या नावात घालणे, हाही गुलाबी त्रिकोणासारखाच भाषिक व्यवहार होय. या कार्यक्रमातून साडेपाच हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. १९८५ च्या जूनमध्ये लंडनच्या समलिंगी अभिमान-मिरवणुकीत वेल्सचे खाणकामगार आपले फलक घेऊन अग्रभागी चालले, आणि त्याच वर्षी खाणकामगार संघटनेच्या पाठिंब्याने मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगी हक्कांचा ठराव संमत झाला.

गीताच्या अर्थाच्या दृष्टीने ही घटना मोलाची आहे. छोटे गाव म्हणजे अज्ञानाचे घर व महानगर म्हणजे मुक्ती, असे समीकरण गीतातून सहज निघते. वास्तविक सॉमरव्हिल व ब्रॉन्स्की यांचे ग्लासगो हे छोटे गाव मुळीच नव्हे. ते स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे शहर आहे. तेव्हा शीर्षकातील ‘छोटे गाव’ हे नकाशावरचे नाव नसून, ‘जेथे सर्वांना सर्वांचे सारे ठाऊक असते व तरीही कोणी कोणास समजून घेत नाही’ अशा वस्तीचे ते नाव आहे. गीत प्रसिद्ध झाल्यावर सहा-सात महिन्यांतच त्याचे गायक खऱ्याखुऱ्या छोट्या वस्त्यांसाठी गात होते, आणि त्या वस्त्यांनी त्यांना परत साद घातली. पळून जाणे हा त्या मुलापुढचा एकमेव मार्ग नव्हता, ही दुरुस्ती गीताने केली नाही. ती इतिहासाने केली.

मार्ग मात्र सरळ नव्हता. सॉमरव्हिल १९८५ मध्ये संचातून बाहेर पडला. १९८८ च्या स्थानिक शासन अधिनियमाच्या अठ्ठाविसाव्या कलमाने स्थानिक संस्थांना समलिंगी जीवनाचा ‘पुरस्कार’ करण्यास, तसेच अशा संबंधांना कुटुंबाचा एक प्रकार म्हणून मान्यता देणारे अध्यापन पुरस्कारिण्यास मनाई केली. ज्या वयाच्या मुलाचे हे गीत, त्याच्याशी शिक्षकाने या विषयावर बोलणेही त्यामुळे अवघड झाले. हे कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली व अन्यत्र २००३ साली रद्द झाले. संमतीचे वय १९९४ मध्ये अठरावर व २००० च्या अधिनियमाने सोळावर आले. ज्या विषमतेकडे वेष्टनावरील आकड्यांनी बोट दाखविले होते ती कायद्यातून जाण्यास सोळा वर्षे लागली. पुढे २०१७ साली फ्रान्समधील एड्सविरोधी चळवळीवरील ‘१२० बीपीएम’ या चित्रपटात या गीताचे नवे रूप योजले गेले. १९८४ मधील श्रोत्यांच्या पिढीने पुढल्या दशकात जे मृत्यू पाहिले, त्यांची छाया त्या योजनेत गीतावर पडलेली दिसते.

६

या गीताविषयी एक मत वारंवार ऐकू येते. ते असे की, त्यात विशिष्ट ओळखीचे नाव नसल्यामुळेच ते सार्वत्रिक झाले. ते प्रत्येक एकाकी किशोराचे गीत आहे. या मतात सत्यांश आहे, आणि सर्वनामाच्या वर दाखविलेल्या स्वरूपाने त्याला भाषिक आधारही मिळतो. परंतु येथेच थांबणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. प्रत्येक एकाकी किशोराला एकविसाव्या वर्षापर्यंत कायद्याचा धाक नव्हता. प्रत्येकाला पोलिसाने घरी आणून पोहोचविले म्हणून घर सोडावे लागत नव्हते. सार्वत्रिकतेच्या नावाखाली हा विशेष पुसला गेला, तर गीतातील मौन पुन्हा जुन्या, भयातून आलेल्या मौनासारखेच दिसू लागेल, आणि गीतकारांनी दोहोंत जो भेद केला होता तो नाहीसा होईल.

ज्याने आपले नाव अन्यत्र स्पष्टपणे सांगितले आहे त्याचे मौन, आणि ज्याला ते कोठेच सांगता येत नाही त्याचे मौन, ही संहितेत सारखीच दिसतात. दोन्ही ठिकाणी शब्दाची जागा रिकामीच असते. त्यांतील भेद संहितेबाहेरच्या पुराव्यानेच सिद्ध होतो. ‘स्मॉलटाऊन बॉय’च्या कर्त्यांनी तो शब्द वेष्टनावर, मुलाखतींत व सभागृहांत ठेवला, आणि गीतात मुलाला त्याच्या वयाची भाषा बोलू दिली. त्या वयात आपल्या ओळखीचे नाव पुष्कळदा मुलापाशी नसतेच. असते ते केवळ येथे राहता येणार नाही एवढे ज्ञान. गीत तेवढेच सांगते. उरलेले सांगण्याची जबाबदारी भोवतालच्या मोठ्या माणसांची होती, आणि ती कोणी पार पाडली व कोणी टाळली, हे शोधणे हा या गीताच्या अभ्यासाचा पुढचा भाग आहे.